विम्याचा कागद व आपलें दायित्व

आमच्या पुतसूनबाई वैद्यकीचा व्यवसाय करितात. गेल्या महिन्यांत त्या घरीं आल्या असतां त्यांनीं सहज सांगितलें कीं, हातून चूक होऊन रोग्यानें भरपाई मागितल्यास ती देतां यावी म्हणून आपण व्यावसायिक दायित्वाचा विमा उतरविला आहे. आमच्या वहिनींस तें रुचलें नाहीं. "चुकीआधींच चुकीची किंमत भरून ठेवावयाची, हें कसलें शास्त्र?" असें त्या म्हणाल्या.

हा प्रश्न अगदींच टाकाऊ नव्हे. परंतु पैसे घेऊन केलेला वैद्यकीय उपचार ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेंत येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला आहे. भरपाईची रक्कम तरुण डॉक्टरास संसारांतून उठवूं शकते, आणि विमा नसेल तर रोग्याच्याही हातीं कांहीं पडत नाहीं.

आम्हीं तें विमापत्र चष्मा लावून वाचलें. मागणी विम्याच्या मुदतींतच आली पाहिजे; मध्यें नूतनीकरण चुकल्यास पूर्वीच्या उपचारांचें संरक्षणही सहसा हातचें जातें. नशेंत केलेलें काम, गुन्हा, दंड ह्यांस संरक्षण नाहीं. हें सर्व रास्तच आहे. आमचें मन अडलें तें एका कलमाशीं: कंपनीच्या लेखी संमतीवांचून विमेदारानें दायित्व कबूल करूं नये.

सूनबाईंच्या रुग्णालयाचे चालक ह्याचा अर्थ 'नातेवाइकांशीं बोलूंच नये' असा लावितात म्हणे! शस्त्रक्रियेंत काय घडलें, रक्तस्राव केव्हां सुरू झाला, हें सांगणें ही माहिती होय. कायद्याचें दायित्व पत्करणें ही गोष्ट निराळी. हा भेद शिकविणें चालकांचें काम. तें न करितां ते मागल्या दारानें निघून जातात आणि रडणाऱ्या माणसांपुढें उभी राहते ती कालची शिकाऊ पोर.

येथें आम्हांस विम्याच्याच क्षेत्रांतील एक जुनें प्रकरण आठवलें. १९५६ सालीं चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतां आयुर्विम्याचें राष्ट्रीयीकरण झालें, तें मालकांनीं विमेदारांचा पैसा मनास येईल तसा वापरूं नये ह्या हेतूनेंही. पुढच्याच वर्षीं नव्या महामंडळानें हरिदास मुंद्रा ह्यांच्या कंपन्यांचे सुमारें सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले, आणि तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीस न विचारतां. फिरोज गांधींनीं लोकसभेंत जाब विचारला. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ति छागला ह्यांनीं १९५८ च्या आरंभीं मुंबईंत उघडी चौकशी केली. व्यवहारास आपली संमति नव्हती, असें अर्थमंत्री कृष्णम्माचारी ह्यांचें म्हणणें. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याचीच, तिच्याआड त्यास लपतां येणार नाहीं, असा छागलांचा निष्कर्ष पडला. फेब्रुवारींत कृष्णम्माचारींनीं राजीनामा दिला.

हें ऐकून सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीं दोन पत्रें लिहिलीं. एक रुग्णालयाच्या चालकांस, दुर्घटना घडल्यास नातेवाइकांशीं कोणीं बोलावयाचें हें विचारणारें. दुसरें विमा कंपनीस, त्या कलमाचा अर्थ लेखी मागणारें. दोहोंकडून अद्याप उत्तर नाहीं. वहिनी मात्र रोज सायंकाळीं "आलें का गं?" म्हणून विचारीत असतात.