उड्डाणाची हौस आणि तिचा हिशेब

विमान चालविणे हा धनिकांचा षौक. कारकुनाने वा शिक्षकाने त्याचा विचारही करू नये, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. ही समजूत अगदीच निराधार नाही. भारतात शिकून वैमानिकाचा पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी ज्यांनी मिळविला, ते जे. आर. डी. टाटा होते. तथापि ज्या मुंबई फ्लाइंग क्लबात ते शिकले, तो निव्वळ धनिकांच्या वर्गणीवर उभा नव्हता. १९२८ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कलकत्ता व कराची येथे निघालेल्या क्लबांना तत्कालीन सरकारचे अनुदान होते. स्वातंत्र्यानंतरही हे धोरण अनेक वर्षे टिकले. बंगलोरच्या सरकारी कारखान्यात तयार होऊन १९५८ साली प्रथम उडालेले 'पुष्पक' हे दोन आसनी विमान तर क्लबांसाठीच बनविलेले होते.

आज क्लबांची जागा बव्हंशी प्रशिक्षण संस्थांनी घेतली आहे. खाजगी परवान्यासाठी वयाची १७ वर्षे, दहावीचे शिक्षण आणि किमान ४० तासांचे उड्डाण पुरते. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. संस्थांना रस दुसऱ्यात, आणि तो स्वाभाविक आहे. ज्या परवान्यावर एक रुपयाही मोबदला घेता येत नाही, त्यासाठी कर्ज कोण काढणार? उड्डाणाचा ताशी दर आज सहज दहा हजारांच्या पुढे जातो. म्हणजे ४० तासांना चार लाखांहून अधिक, आणि बहुतेकांना ४० तास पुरत नाहीत ते वेगळेच.

हा दर येतो कोठून? इंधन महाग आहे, हे खरे. लहान विमानांचे पेट्रोल प्रवासी विमानांच्या इंधनाहून वेगळे असते, आणि ते देशात बनू लागले ते २०२२ साली. परंतु इंधन हा हिशेबाचा एक भाग झाला. हँगर, विमा, अभियंता व प्रशिक्षक यांचा खर्च विमान उडो वा न उडो, चालूच राहतो. वर्षाला शंभर तास उडणारे विमान सहाशे तास उडाले, तर हाच खर्च दर तासाला एक षष्ठांशावर येतो. शिकणारे थोडे म्हणून दर चढा, आणि दर चढा म्हणून शिकणारे थोडे, असा हा फेरा आहे.

या शिक्षणातून काय मिळते, तेही पाहावे. एके दिवशी प्रशिक्षक विमानातून उतरतो आणि शिकाऊ वैमानिकाला एकट्याने एक फेरी मारून येण्यास सांगतो. शेजारचे आसन रिकामे झाल्याने विमान हलके होते, नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडते आणि झपाट्याने चढते. त्या क्षणापासून वाऱ्याचा, वजनाचा व इंधनाचा हिशेब त्याचा एकट्याचा असतो. समोर ढग दिसत असता 'आज उडणार नाही' असे म्हणण्याचे धैर्यही तेथेच शिकावे लागते. परीक्षेपुरते पाठ करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना असा वर्ग क्वचितच लाभतो.

यावर आक्षेप येईल, की जेथे शाळांना छप्पर नाही तेथे करदात्याने हौशी वैमानिकांना का पोसावे? आक्षेप रास्त आहे आणि सरसकट अनुदानाची मागणी कोणी करू नये. परंतु धावपट्टीवरील खर्च एकदा होऊन गेला, की तिच्यावरून एक विमान अधिक उडाल्याने सरकारला जवळपास काहीच तोशीस पडत नाही. धुळे, बारामती व गोंदिया येथे प्रशिक्षण चालते. इतर काही जिल्ह्यांच्या पट्ट्या मात्र मंत्र्यांच्या विमानाची वाट पाहत गवत वाढवीत असतात. तेथे नाममात्र भाड्याने जागा द्यावी आणि त्या बदल्यात काही तास गुणवत्तेवर निवडलेल्या स्थानिक विद्यार्थ्यांसाठी राखून घ्यावेत. एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्र मायक्रोलाइटमध्ये बसून आकाश पाहून येतात. त्यांतल्या एखाद्याला पुढे शिकायचे असेल, तर आज त्याच्या हाती केवळ एका संस्थेचे माहितीपत्रक पडते, आणि त्यातील शुल्काचा आकडा वाचून त्याचे वडील ते घडी घालून ठेवून देतात.