गिअरबॉक्स खोलण्याआधी



या खेपेला आलेल्या पत्रांतले एक पत्र बाजूला काढून ठेवले होते. आज सारी जागा त्यालाच देतो. पत्र एका भगिनीचे आहे. शेतीला जोड म्हणून घरच्यांनी कर्ज काढून लोडर घेतला, तो जवळच्या खडी क्रशरवर भाड्याने असतो. सकाळी दोन-अडीच तास लोडर नीट चालतो. ऊन चढले की वरचा गिअर पडेनासा होतो, यंत्र एकाच गिअरमध्ये रखडत चालते आणि समोरचा पिवळा दिवा लागतो. तासभर उभे ठेवले की पुन्हा ठीक! वर्कशॉपमध्ये दाखवले तर ते म्हणाले, गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल. हप्ता तोंडावर आला आहे. ताई विचारतात, "दागिने गहाण टाकून काम करून घ्यावे का?"

ताई, दागिने आठ दिवस घरातच राहू द्या. गिअरबॉक्स चांगलाच आहे असे मी इथे बसून सांगणार नाही. पण सकाळी बरा आणि दुपारी आजारी असा दुखणेकरी दिसला की आधी त्याच्या वायरीकडे आणि सेन्सरकडे पाहावे. त्या तपासणीला एक मीटर आणि एक दुपार पुरते.

आपल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये दांडा ओढला की आतले गिअर आपल्या हाताने सरकतात. या लोडरचे तसे नाही. इथे दांडा म्हणजे विजेचे बटण आहे. तो कंट्रोलरला, म्हणजे सीटजवळच्या विजेच्या पेटीला, हुकूम देतो. ती पेटी तेलाच्या दाबाने आतले क्लच दाबते आणि गिअर बदलते. पण बदलण्याआधी तिला दोन गोष्टी कळाव्या लागतात. गिअरबॉक्समध्ये जाणारा शाफ्ट किती वेगाने फिरतो आणि बाहेर पडणारा किती वेगाने. ही खबर देणारा अंगठ्याएवढा भाग म्हणजे वेगाचा सेन्सर. खबर बंद पडली की पेटी आंधळी होते. भलत्या वेगात खालचा गिअर पडून आतले तुकडे होऊ नयेत म्हणून ती एकच गिअर धरून बसते आणि दिवा लावते. तेव्हा यंत्र अडून बसले म्हणजे ते मोडलेच असे नव्हे.

हा सेन्सर चालतो कसा? सायकलचा डायनामो तुम्ही पाहिला आहे. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने 1831 साली जे दाखवले, तेच इथेही घडते. चुंबक आणि तारेची गुंडाळी जवळ असली आणि चुंबकाचा जोर कमीजास्त होत राहिला, की तारेत वीज उठते. डायनामोत चुंबक फिरतो. इथे चुंबक आणि गुंडाळी दोन्ही जागच्या जागी, आणि समोरून गिअरचे लोखंडी दाते जातात. दाता आला की एक ठोका. गिअरला 60 दाते असतील आणि तो मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 1000 ठोके पडतात. पेटी ते मोजत बसते, दुसरे काही नाही.

दुपारी गिअर अडतो, तेव्हा चालवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा. ज्या गिअरमध्ये यंत्र अडले आहे त्यात ते जोर करते का? भरलेली बकेट घेऊन नेहमीसारखे चढ चढते, पण वेगाचा काटा मात्र नाचतो किंवा शून्यावर पडतो, तर खोट बहुधा खबरीत आहे. उलट इंजिन नुसते ओरडते, चाक ओढत नाही, तेलाला जळका वास येतो, तर क्लच घसरत आहेत. तिथे सेन्सर बदलून पैसे घालवू नका.

दिव्याबरोबर पडद्यावर कोडचा आकडा येतो. तो वहीत लिहा, वेळ आणि गिअरसह. बॅटरी काढून तो पुसायची घाई नको. आणि कोडमध्ये 'स्पीड सेन्सर' असे आले म्हणून लगेच नवा सेन्सर आणायलाही धावू नका. कोड एवढेच सांगतो की खबर पोचली नाही. दोष वायरीत असेल, प्लगमध्ये असेल, कुठेही असेल.

आता तपासणी. यंत्र सपाट जागी, बकेट जमिनीवर, चाकांना अटकाव, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. लोडर मध्यभागी वळणारा असेल तर सांध्याची लॉकपट्टी लावल्याशिवाय कोणालाही आत जाऊ देऊ नका. हे मी उगाच सांगत नाही. त्या सांध्यात माणसाला जागा उरत नाही.

आधी डोळ्यांनी पाहा. वायर लोखंडाला घासली आहे का? उंदराने कुरतडली आहे का? पावसाळ्यात शेडमध्ये उभ्या यंत्राची वायर उंदीर हमखास खातो. प्लग उघडा. आत पाणी किंवा हिरवट गंज दिसतो का? जोराच्या पाण्याने यंत्र धुण्याची हौस असते, ते पाणी नेमके इथे शिरते. प्लग साफ करून घट्ट बसवला आणि तेवढ्यावर यंत्र सुधारले, असे पुष्कळदा होते.

मग मीटर. सेन्सरला दोनच तारा असतील तर प्लग काढून दोन टोकांमधला रोध मोजा. तो साधारणपणे काही शे ते दोन-अडीच हजार ओहम असतो. तुमच्या यंत्राचा नेमका आकडा त्याच्या पुस्तकात आहे. तीन तारांचा सेन्सर वेगळ्या जातीचा. त्याला आधी वीज पुरवावी लागते, म्हणून तिथे ओहम मोजू नयेत, प्लगपर्यंत वीज येते का ते पाहावे.

ताईंच्या बाबतीत खरी मेख पुढे आहे. वर्कशॉपने सेन्सर मोजला होता, तो 'चांगला' निघाला होता, म्हणूनच संशय गिअरबॉक्सवर गेला. पण मोजला केव्हा? सकाळी, थंड असताना! गुंडाळीची तार केसासारखी बारीक असते. आत कुठे चिरली असेल तर थंडीत टोके टेकतात आणि तापल्यावर सुटतात. म्हणून बिघाड चालू असतानाच मोजायचे. दुपारी दिवा लागल्याबरोबर इंजिन बंद करून, गरम भागांना हात न लावता, प्लगवरच मोजा आणि मोजताना वायर हलवून पाहा. दोन्ही शाफ्टचे सेन्सर एकाच नंबरचे असतील तर त्यांची अदलाबदल करा. कोड सेन्सरबरोबर दुसरीकडे गेला तर सेन्सर वाईट. जागेवरच राहिला तर वायर किंवा पेटी.

सेन्सर बाहेर काढलाच तर त्याचे टोक नीट पाहा. ते चुंबक आहे, लोखंडाचा कीस धरणारच. काळपट मऊ लेप असेल तर पुसून टाका, ती नेहमीची झीज आहे. तो जाड साचला तरी खबर बिघडते. पण बोटाला टोचणारे कण किंवा पापुद्रे लागले, तर मात्र वर्कशॉपवाल्यांचे खरे माना आणि गिअरबॉक्स खोला.

मी ताईंना हे पत्राने कळवले होते. त्यांचे उत्तर आले. सकाळी मीटरने बरोबर आकडा दाखवला, दुपारी दीड वाजता काहीच दाखवले नाही. टोकावर नुसता लेप होता. नवा सेन्सर घातला, लोडर कामावर आहे. दोष त्या वर्कशॉपच्या मनात होता असे मी म्हणत नाही. पण थंड यंत्र तपासून गरम यंत्राचे निदान करणे हा आळस झाला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या घरातून जाणार होती.

नवा सेन्सर बसवणाऱ्यांसाठी दोन शब्द. आट्याचा सेन्सर असेल तर आधी भोकातून पाहून गिअरचा दाता बरोबर समोर आणा. दोन दात्यांमधल्या खाचेत सेन्सर घुसला तर गिअर फिरताच त्याचे टोक उडते. दात्याला हलके टेकेपर्यंत फिरवा, मग पुस्तकात सांगितले तेवढे मागे घ्या. दीड मिलिमीटरचा आटा असेल तर अर्धा फेरा म्हणजे पाऊण मिलिमीटर. दोन बोल्टांनी बसणाऱ्या सेन्सरखाली मनाने वॉशर घालू नका. रबरी रिंग नवी घाला. वायर पुन्हा तिच्या जुन्या क्लॅम्पमध्येच बांधा, आणि बकेटला वेल्डिंग करायचे असेल त्या दिवशी बॅटरी सोडवून कंट्रोलरचे प्लगही काढून ठेवा.