ॲप म्हणतं ऊन आहे, मग पूर कुठून आला?

हवामानाच्या ॲपमध्ये चामोर्शी टाकलं की एक ढग दिसतो, तापमान दिसतं आणि पावसाची टक्केवारी दिसते. ढग पांढरा असला की आपण निर्धास्तपणे गाडी काढतो. मला वाटतं, पावसाळ्यातली आपली सगळ्यात महागडी चूक हीच आहे. हे ॲप तुमच्या डोक्यावर पाऊस पडेल का, एवढंच सांगतं. तुमच्या रस्त्यावर पाणी येईल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्या स्क्रीनवर नसतं.

पाऊस तिकडे, पूर इकडे

ऑगस्ट २०२० चा शेवट आठवा. मुसळधार पाऊस झाला तो मुख्यतः मध्य प्रदेशात, वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात. तिथल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं, खाली गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली जिल्ह्यांतली नदीकाठची गावं पाण्यात गेली. त्या दिवशी ज्याने फक्त आपल्या गावाचं हवामान पाहिलं, त्याला काहीच कळलं नसतं.

चामोर्शी तालुका वैनगंगेच्या काठावर आहे. मार्कंडा नदीला लागून, आष्टीही नदीवर, आणि पुढे चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळते. म्हणजे वरचं सगळं पाणी आपल्या दारावरून जातं. शिवाय मोठी नदी फुगली की तिला मिळणाऱ्या नाल्यांचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढतं. म्हणून कधी कधी नदीपासून लांबचा ठेंगणा पूलही बुडतो.

किनाऱ्यावर हेच काम समुद्राची भरती करते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा सह्याद्रीत प्रचंड पाऊस होता आणि वाशिष्ठी दुथडी भरून वाहत होती. अशा वेळी खाडीत भरती असेल तर नदीला पाणी सोडायला जागा राहत नाही. म्हणून मुंबई-कोकणातल्या मित्रांनी पावसाच्या अंदाजासोबत भरतीची वेळही बघायची. आपण बघायचं ते धरण आणि नदीची पातळी.

एका शहराचा एकच आकडा? विसरा

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ च्या आसपास. शहर एकच! मग जंगल, नाले आणि लांब-लांब गावं असलेल्या आपल्या तालुक्यासाठी ॲपचा एक ढग किती खरा धरायचा, तुम्हीच ठरवा.

लाल रंग दोन प्रकारचा असतो

भारतीय हवामान खात्याचा रेड अलर्ट हा जिल्ह्यासाठी दिलेला पावसाचा इशारा आहे. खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार' पाऊस.

केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' ॲप २०२३ मध्ये आलं. त्यातला रंग नदीचा असतो. पिवळा म्हणजे पाणी इशारा पातळीच्या वर, केशरी म्हणजे धोका पातळीच्या वर, आणि लाल म्हणजे आजवरच्या सर्वोच्च पूर पातळीला पोहोचलं. म्हणजे हवामान खात्याचा हिरवा आणि नदीचा केशरी एकाच दिवशी असू शकतो. दोन्ही बरोबर! आपल्यासाठी पवनी, वडसा, वाघोली आणि आष्टी या ठिकाणांची पातळी महत्त्वाची. पवनी-वडसा चढायला लागलं की आष्टी चढायला काही तास असतात. ते तासच आपले.

क्युसेक की क्युमेक?

व्हॉट्सॲपवर 'धरणातून ५,००० सोडले' असा मेसेज फिरतो. पाच हजार काय? एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. ५,००० क्युमेक म्हणजे जवळपास पावणेदोन लाख क्युसेक. एकक नसलेला आणि तारीख नसलेला मेसेज पुढे पाठवू नका. जुना व्हिडिओ तर अजिबात नको. दोनदा खोटी घाबरगुंडी उडाली की तिसऱ्यांदा खऱ्या वेळी कोणी हलत नाही.

तो मोठा आवाज बंद करू नका

२०२३ मध्ये फोन अचानक जोरात वाजले होते ना? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम इशारा देतो. तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, नेटवर्कवर गर्दी असली तरी चालतं. सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' शोधा आणि चालू आहे का ते बघा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲपही ठेवा.

पण टॉवरच बंद पडला तर? वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो, बॅटरी संपली की रेंज जाते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कितीदा तुटतो, हे आपण दर पावसाळ्यात वाचतोच. म्हणून निर्णय रेंज असतानाच घ्यायचा.

माझा सकाळचा क्रम

आधी वरच्या खोऱ्यातला पाऊस, मग गोसीखुर्दचा विसर्ग, मग नदीची पातळी, आणि शेवटी आपला ढग. पाच मिनिटं लागतात. पाणी चढतंय असं दिसलं तर फोन आणि पॉवर बँक चार्ज करायची, परिसराचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवायचा. मदतीसाठी ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लक्षात ठेवायचा. डेटा चालत नसेल तर साधा एसएमएस करून बघायचा, तो कधी कधी निघून जातो.

आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर ॲप उघडूच नका, गाडी मागे वळवा. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या नेऊ शकतं.

शेवटचं. घरात स्मार्टफोन बहुतेक तुमच्याच हातात असतो, पण रोवणीला बांधीत गेलेली आई आणि नदीकाठी जनावरं घेऊन गेलेले काका यांच्या हातात तो नसतो. इशारा तुमच्या स्क्रीनवर आला म्हणजे गावात पोहोचला असं नाही. एक फोन करा, नाहीतर हाक मारून सांगा.