वीस गुण आणि वीस गुण

महाविद्यालयाच्या वार्षिकात पत्त्यांवर लेख यावा की नाही, यावरून प्राध्यापकवर्गात दोन तट पडतील याची मला कल्पना आहे. पत्ते म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, हे मत आपल्याकडे पक्के आहे. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या जोडीने ब्रिजमध्ये सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ते मत चार दिवस हलले आणि पुन्हा जागेवर बसले. तो वाद मला घालायचा नाही. माझे भांडण आहे ते ब्रिज खेळणाऱ्यांशीच. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत रविवारी दुपारी जो डाव बसतो, त्यात 'गुण' या शब्दापुढे कोणाचे काही चालत नाही. आणि हे मला मान्य नाही.

ज्यांची मजल मेंढीकोटापर्यंतच आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. ब्रिजमध्ये आधी लिलाव आणि मग खेळ. कोणता हुकूम आणि किती हात, याची चढती बोली होते. पहिले सहा हात गृहीत धरलेले, म्हणून 'एक चौकट' म्हणजे चौकट हुकूम धरून सात हात. अशा बोली पस्तीस. त्यांत पास, डबल आणि रिडबल मिळवले की अडतीस. मेंढीकोटात भिडूला डोळा मारता येतो, खाकरता येते. येथे अडतीस शब्दांपलीकडे भाषा नाही. तेरा पानांची सारी हकिकत त्यांतच सांगायची.

पानांचे बळ मोजायची रीत ठरलेली आहे. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. मिल्टन वर्क यांच्या नावाने ही मोजणी ओळखली जाते आणि १९५० च्या सुमारास चार्ल्स गोरेन यांनी ती घराघरांत नेली. चारही रंगांचे मिळून ४० गुण. बावीसच्या पुढे गुण असतील तर 'दोन किलवर' म्हणायचे, मग किलवर हाती असो वा नसो. ती केवळ बळाची दवंडी.

आता ही पाने पाहा. इस्पिकचे एक्का-राजा-राणी-७-४; बदाम एकही नाही; चौकटचे एक्का-राजा-गुलाम-८-६-५; किलवरचे राजा-३. गुण वीस. आणि ही दुसरी. इस्पिक राजा-राणी-७-३, बदाम एक्का-राणी-५, चौकट राजा-गुलाम-४, किलवर एक्का-गुलाम-६. गुण वीसच! पण प्रत्येक रंगात एक्का, राजा, राणी यांपैकी काय नाही ते पाहून (दोनच पाने असतील तर एक्का-राजापुरतेच पाहून) जाणारे हात मोजा. ही मोजणीही १९३० च्या दशकापासूनची आहे, नवी नव्हे. पहिल्या पानांत जाणारे हात दोन, दुसऱ्या पानांत सहा. ज्या तराजूत ही दोन्ही सारखी भरतात, तो तराजू अशा पानांपुरता तरी बाजूला ठेवला पाहिजे. (गुणांवरून माणूस जोखायची सवय आपल्याला दहावीपासूनच लागते, हा भाग वेगळा.) इयान फ्लेमिंगच्या १९५५ च्या 'मूनरेकर' कादंबरीत ड्रॅक्सच्या हाती ३१ गुण आणि बॉंडच्या हाती ८, तरी बॉंड किलवरचे तेराही हात करतो. तेथे पत्ते लावलेले होते हे खरे. पण लावलेले असोत की पिसलेले, गणित तेच.

मग पहिल्या पानांवर बोलायचे काय? आमच्याकडचे एक काका म्हणतात, "अरे, एवढं बळ आहे, तर दोन किलवरच म्हण. दोन गुण कमी पडले तर पडले." दुसरा पक्ष उतावळ्यांचा, तो थेट सहा चौकट म्हणून मोकळा होतो. मला दोन्ही पटत नाहीत. मी एक चौकट म्हणेन.

कारण बदाम. माझ्याकडे एकही नाही, म्हणजे उरलेल्या तिघांत तेरा. तेव्हा एकाकडे निदान पाच असणारच. समजा, दोन किलवरवर डावीकडच्याने चार बदाम म्हटले आणि बाकीचे पास झाले. आता मी चार इस्पिक म्हणू की पाच चौकट? एक रंग सांगितला की दुसरा पोटातच राहिला. एक चौकट म्हणून सुरुवात केली असती, तर त्याच चार बदामांवर मी चार इस्पिक म्हटले असते आणि भिडूला दोन्ही रंग कळले असते.

हे कळणे का महत्त्वाचे? भिडूकडे सात गुण आहेत असे धरा. ते इस्पिकचा गुलाम, चौकटची राणी आणि किलवरचा एक्का असे असतील आणि सोबत इस्पिकची तीन, चौकटची दोन पाने असतील, तर वाटणी अगदीच विपरीत नसताना तेराही हात आपले. तेच सात गुण बदामचे राजा-राणी-गुलाम आणि किलवरचा गुलाम असे असतील, तर बारा हातांचे नावही काढू नये. गुण सातच; पण कोणते सात कामाचे, हे भिडूला माझे रंग कळल्याशिवाय कसे कळणार? उतावळे सहा चौकट म्हणतात तेव्हा ते भिडूला विचारतच नाहीत, आणि काकांचे दोन किलवर त्याला सांगायचे तेवढेच सांगत नाही.

काकांचा आक्षेप एकच, पण तो वजनदार आहे. "एक चौकटवर तिघेही पास झाले तर?" होऊ शकते. पण बाहेर वीस गुण आणि तेरा बदाम असताना तिघांनी गप्प बसावे, असे क्वचितच घडेल. एकाच लांब रंगाची पाने असतील, तर मात्र मी काकांच्या बाजूचा. दुसरा रंग सांगायचाच नसतो, तेव्हा दोन किलवर खुशाल म्हणावे.

सहा-पाच-दोन-शून्य अशी पाने साधारण दीडशे डावांत एकदा येतात, आणि त्यांत वीस गुण असण्याचा योग तर वर्षानुवर्षे येत नाही. तेव्हा अनुभवाने शिकू म्हणण्यात अर्थ नाही. भिडूशी आधीच बोलून ठेवलेले बरे.

एक प्रसंग विशेष कठीण. मी एक चौकट, भिडू एक बदाम. मी उडी मारून दोन इस्पिक, तो तीन बदाम. मी तीन इस्पिक, तो चार बदाम. माझे दोन्ही रंग ऐकूनही तो बदाम सोडत नाही. अशा वेळी एवढी पाने हाती धरून पाच चौकट म्हणण्याची ऊर्मी अनावर होते. पण तो सांगतो आहे की त्याचे बळ बदामांत आहे, आणि माझे तीन इस्पिकचे, दोन चौकटचे हात त्याला तेथेही मिळणार आहेत. पास म्हणावे, आपली वीस गुणांची पाने टेबलावर उघडी मांडावीत आणि भिडूला खेळू द्यावे.