छायाचित्र कोणाच्या मालकीचे?

घरातील मुलाने किंवा मुलीने पेढीवर न बसता व्यावसायिक छायाचित्रण करण्याचा मनोदय बोलून दाखवला, की वडील बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेऱ्याच्या किमतीचा. आजोबांना तो लग्नात फोटो काढणाऱ्याचा धंदा वाटतो, आईला हौस वाटते आणि मुलाला मात्र वाटत असते, की कॅमेरा हाती आला की जाहिरातीच्या जगाची दारे उघडलीच. घरात चार दिवस चर्चा होते ती सारी यंत्राभोवती. धंदा कशावर चालणार, विकायचे नेमके काय, हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या व्यापार केलेल्या घरातही कोणी विचारत नाही, याचे नवल वाटते.

आधी यंत्राचे पाहू. चांगला कॅमेरा, दोन-तीन लेन्स, दिवे आणि संगणक यांसाठी काही लाख रुपये सहज लागतात. मुद्रा योजनेत 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत आणि 'तरुण' गटात १० लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळू शकते, त्यामुळे भांडवल उभे करणे अशक्य नाही. परंतु कर्ज मिळते म्हणून यंत्र घ्यावे, हा विचार कोणत्याही धंद्यात घातकच. नवे मॉडेल बाजारात आले की जुन्या कॅमेऱ्याची किंमत उतरते. घसारा मोठा आणि हप्ता मात्र ठरलेला. मुंबई-पुण्यात कॅमेरे, लेन्स आणि दिवे दिवसाच्या भाड्याने मिळतात व ते भाडे ग्राहकाला द्यायच्या अंदाजपत्रकात धरता येते. अपरिग्रहाचे तत्त्व एरवी प्रवचनात ऐकायला मिळते. या व्यवसायाच्या आरंभी ते ताळेबंदालाही मानवते.

गौतम राजाध्यक्ष हे नाव मराठी घरांत सुपरिचित आहे. त्यांनी टिपलेले चित्रपट-कलावंतांचे चेहरे सर्वांना आठवतात. पण त्यांच्या वाटचालीतील सन-सनावळ्या फारसे कोणी पाहत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेतलेले राजाध्यक्ष १९७४ साली लिंटास या जाहिरात संस्थेच्या छायाचित्र विभागात दाखल झाले आणि पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. १९८०च्या सुमारास शबाना आझमी, टीना मुनीम यांच्या छायाचित्रांपासून त्यांच्या फॅशन छायाचित्रणाला सुरुवात झाली. तरीही नोकरी सोडून ते पूर्णवेळ या व्यवसायात उतरले ते १९८७ साली. म्हणजे पगाराची १३ वर्षे आणि त्यांतली शेवटची ७ नव्या कामाला सुरुवात झाल्यानंतरची! जाहिरात संस्था हे छायाचित्रे मागवणाऱ्यांचे घर. काम कसे मागवले जाते, अंदाजपत्रक कसे तपासले जाते आणि छायाचित्र कोणत्या कारणाने नाकारले जाते, हे तिथे बसून जितके कळेल तितके बाहेरून कळणे कठीण.

सर्वांना अशी नोकरी मिळणार नाही. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत किंवा राष्ट्रीय डिझाइन संस्थेत रीतसर शिक्षण घेता येते. पण ते घेतले तरी एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराकडे दोन-तीन वर्षे साहाय्यक म्हणून राबणे चुकत नाही आणि चुकवूही नये. दागिन्यांचे उदाहरण घ्या. आपल्या समाजातील कितीतरी घरांचा हा पिढीजात व्यापार. हिऱ्याचा हार समोर ठेवला की त्यात खोलीतील प्रत्येक वस्तू उमटते : दिवा, छत, कॅमेरा, खुद्द छायाचित्रकाराचा सदरा. म्हणून दागिन्याभोवती पांढऱ्या, पातळ कापडाचा तंबू उभारून उजेड गाळून घ्यावा लागतो. तेवढ्याने सोने उठते, पण हिरा निस्तेज होतो. त्याची चमक परत आणण्यासाठी एखादा बारीक, कडक दिवा आणि काळ्या कागदाचे तुकडे नेमक्या कोनात धरावे लागतात. शिवाय इतक्या जवळून अंगठी टिपताना पुढचा खडा स्पष्ट आला तर मागची कडी पुसट येते. मग फोकस किंचित पुढे सरकवत अनेक छायाचित्रे घ्यायची आणि संगणकावर त्यांचे एक करायचे. एका अंगठीत सकाळ जाते. हा धीर कॅमेऱ्यासोबत खोक्यातून येत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील साधे, नगावर मोजले जाणारे काम आता संगणकही करू लागला आहे. टिकेल ते असे अवघड काम.

आता मूळ प्रश्न. समजा, साड्यांच्या एका व्यापाऱ्याने दिवाळीच्या सूचिपत्रासाठी ४० छायाचित्रे काढून घेतली आणि ठरलेले पैसे चुकते केले. पुढच्या वर्षी त्यांतलेच एक छायाचित्र महामार्गावरील फलकावर झळकले. छायाचित्रकार चिडतो, चित्र माझे, मला विचारले कसे नाही? कायदा बहुधा व्यापाऱ्याच्या बाजूने उभा राहील. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक तो मोबदला देणारा असतो. तसे नको असेल तर वेगळा करार हवा. छायाचित्रकार म्हणून श्रेय सांगण्याचा हक्क राहतो, पण त्यावर घर चालत नाही.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वी एका पानाचे पत्र हवे. मालकी छायाचित्रकाराची, ग्राहकाला वापराचा हक्क, तो कशासाठी, किती काळ, कोणत्या प्रदेशात. सूचिपत्राचा दर वेगळा, फलकाचा वेगळा, दुसऱ्या वर्षाचा पुन्हा वेगळा. लहान व्यापारी हे मानणार नाही, असे म्हटले जाते आणि ते बरेचसे खरेही आहे. मग सर्व हक्क देऊन टाकावेत, पण त्यांची किंमत पहिल्याच दिवशी लावावी. हक्क लिहून देताना मुदत घालायची राहिली तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश राहिला तर भारत. या दोन रकाम्या जागा दोन्ही पक्षांनी नीट भराव्यात.

उधारीचे वेगळे सांगायला नको. जाहिरात क्षेत्रात देणी थकतात आणि स्टुडिओचे भाडे, मॉडेलचे मानधन, साहाय्यकाचा पगार मात्र तत्काळ द्यावा लागतो. खेळते भांडवल कॅमेऱ्याच्या हप्त्यात गुंतलेले असेल तर चांगला कलावंतही इथेच बुडतो. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. ती केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे देणे २००६ च्या कायद्यानुसार ४५ दिवसांत मिळाले पाहिजे, न मिळाल्यास चक्रवाढ व्याजाचीही तरतूद आहे. मोठ्या ग्राहकावर दावा लावायचे धाडस कोणी क्वचितच करील, तरी बिलावरचा उद्यम क्रमांक पाहून लेखा विभागाचा हात थोडा लवकर हलतो. निम्मी रक्कम आगाऊ घेण्यात संकोच नको.

उरतो तो घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. फिल्मच्या काळी त्यावरील थरात प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले जिलेटिन असे. डिजिटल कॅमेऱ्याने तो पेच तरी सोडवला. पण काम कोणाचे घ्यायचे? श्रावकाला वर्ज्य अशा १५ कर्मादानांत दंतवाणिज्य आणि रसवाणिज्य येतात. मद्याचे किंवा कातडी वस्तूंचे छायाचित्र काढणे हा त्यांचा व्यापार नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. परंतु कृत आणि कारित यांच्या जोडीला अनुमोदितही आहेच आणि जाहिरात हे तर अनुमोदनच. ज्याला ही मर्यादा पाळायची आहे त्याचे काही उत्पन्न जाईल, हे घरच्यांनीही गृहीत धरावे. ही मर्यादा सांगायची ती पहिल्या भेटीत. स्टुडिओ ठरला, मॉडेलला आगाऊ रक्कम दिली आणि मग समोर कातडी पट्टा आला म्हणून नकार दिला, तर दुसऱ्याचे नुकसान होते आणि धर्मालाही बोल लागतो. अंदाजपत्रकाच्या कागदावर जीएसटी क्रमांकाखाली कोणती कामे घेतली जात नाहीत, ही एक ओळ छापून घ्यायला वेगळा खर्च येत नाही.