नक्कल कोणाची? मोहाची दारू, अबकारी कायदा आणि नंदुरबार

१/ घरी दारू गाळणारा माणूस दुकानातल्या बाटलीची ओबडधोबड नक्कल करतो, हा समज शहरांत पक्का आहे. आवडत्या कंपनीची बिअर घरी बनवून पाहणाऱ्या हौशी मंडळींबाबत तो खराही असेल. नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास मात्र नेमका उलटा आहे. येथे मूळ घरचे होते आणि नक्कल दुकानाने केली.

२/ उन्हाळ्याच्या तोंडावर सातपुड्यात पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचून वाळवतात, पाण्यात भिजत घालतात. काही दिवसांत फुलांतील साखर आंबते. मग मडके चुलीवर चढते आणि निवलेली वाफ थेंबाथेंबाने उतरते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांत भिल्ल आणि पावरा समाज देवाला धार देतात ती हीच.

३/ हे 'अवैध' केव्हा ठरले? १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने. घरची भट्टी गुन्हा झाली, विक्री परवानाधारकांच्या हाती गेली. १८९२ साली तर खास मोहफुलांसाठी वेगळा कायदा आला. ठाणे-कुलाब्यात दारूच नव्हे, फूल बाळगणेही संशयास्पद ठरले.

४/ त्याच काळात उरणच्या भट्ट्यांत पारशी व्यावसायिक काय गाळत होते? मोहच! फुले पंचमहालातून येत. तेच फूल, तीच आंबवणी, तीच वाफ. फरक एवढाच, की तेथील दारूवर सरकारला कर मिळत होता.

५/ 'सरकारला व्यसनमुक्ती हवी होती' हा बचाव टिकत नाही. तसे असते तर परवान्याची दुकाने उघडली नसती. अबकारी हे मुंबई इलाख्याच्या तिजोरीचे मोठे साधन होते.

६/ 'मग दारूने संसार बुडाले नाहीत का?' बुडाले. त्याचे उत्तरही याच मातीतून आले. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३०च्या दशकात आरतीच्या मेळाव्यांतून दारू सोडण्याची हाक दिली आणि असंख्य भिल्लांनी ती ऐकली. तो निर्णय समाजाचा स्वतःचा होता. शिपायाने मडके फोडणे आणि माणसाने आपणहून ते पालथे घालणे, या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

७/ 'हातभट्टी म्हणजे विष' हा आक्षेपही तपासावा. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉल या औद्योगिक रसायनामुळे. त्या भेसळीचे पाप पाड्यावरच्या मोहाच्या मडक्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

८/ आता काळाचा विनोद पाहावा. २०१८ साली गोव्यातील एका उद्योगाने मोहाची दारू देखण्या बाटलीत बाजारात आणली. २०२२ साली मध्य प्रदेशाने तिला 'वारसा मद्य' म्हटले; तेथे आदिवासींना घरापुरती गाळण्याची मर्यादित मुभाही आहे. महाराष्ट्राने २०२१ साली मोहफुले गोळा करण्या-साठवण्यावरील निर्बंध सैल केले. मात्र घरी गाळणे १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हाच राहिले. म्हणजे फूल वेचणारे हात चालतात; त्या हातांचे कसब चालत नाही.

९/ दारू प्यावी की सोडावी, हे ज्याचे त्याने आणि ज्याच्या त्याच्या गावाने ठरवावे. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र शब्द जपून वापरावेत. सातपुड्यातील मोहाच्या दारूला 'चोरटी' म्हणण्यापूर्वी १८७८ हे साल आठवावे. बाटलीवर 'वारसा' छापायचा असेल, तर परवाना आणि नफा यांवर पहिला हक्क पाड्याचा असला पाहिजे.