फोड जिरतील हो, पण तोवर?

तळहाता-तळपायाला पाण्याचे फोड येणारं इसब औषधाशिवाय जातं का? फोड जातात. साधारण दोन-तीन आठवड्यांत सुकतात, साल निघते. म्हणून आमच्या पोळी-भाजी केंद्रावर येणारा जो तो सांगतो, ‘काही करू नका ताई, आपोआप जातं.’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही.

ते दोन-तीन आठवडे कुणाला तरी काढावे लागतात. आधी बोटांच्या कडेला भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे उठतात. खाजेने रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मग कातडी उकलते, आणि त्याच हातांनी कणीक मळायची, मिरच्या चिरायच्या, भांडी घासायची. साबण-पाण्याने ते आणखी चिघळतं. आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या मावशींच्या अंगठ्याची साल गेली आणि रेशन दुकानातल्या मशीनवर ठसाच उमटेना. धान्यासाठी हेलपाटे घातले बिचारीने. ‘आपोआप’ म्हणणारे हे हिशेबात धरतात का?

शिवाय फोड गेले तरी इसब अनेकदा परत येतं. १८७३ साली लंडनच्या टिलबरी फॉक्स यांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांना वाटलं की घामाच्या ग्रंथींत घाम अडकून हे होतं. पुढे ते तसं नसल्याचं दिसलं. आपल्याकडे मात्र ‘उष्णता बाहेर पडतेय, पडू दे’ अजून चालूच आहे! कुणाला खोट्या दागिन्यांतलं निकेल बाधतं, कुणाला मनाचा ताण. कधी मूळ पायाच्या बोटांमधल्या बुरशीत असतं आणि फोड हातावर उठतात. अशा वेळी इलाज पायावर करावा लागतो. हे घरबसल्या कसं कळणार?

मेडिकलमधून परस्पर आणलेली ट्यूबही नको. इसबाला स्टेरॉइडचं मलम लागतं, पण किती जोराचं आणि किती दिवस, ते डॉक्टरने ठरवायचं. तेच मलम गजकर्णाला चोळलं तर खाज थांबते आणि गजकर्ण पसरत जातं. फोड सुईने फोडू नका, त्यात पू होतो.

मावशींना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. मलम मिळालं, रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालायला सांगितलं. आता फोड उठले की त्या भांड्यांना हात लावत नाहीत, डब्यांच्या नोंदी बघतात. पगार तोच. हॉटेलवाल्यांनी, केटरिंगवाल्यांनी आणि घरी बाई ठेवणाऱ्या प्रत्येकाने एवढं करायलाच हवं. मोजे मालकाच्या पैशाने.